हेल्मेटवर हूड: स्कीइंगच्या जॅकेटचं हूड कसं निवडावं, कसं चढवावं आणि कधी उतरवावं

गुलमर्गचा गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी केबल कार, दोन टप्प्यांत वर जातो. खालचं स्थानक सुमारे २,६५० मीटरवर, मधलं कोंगडूरी ३,१०० मीटरच्या आसपास आणि शेवटचं अफरवटच्या अंगावर जवळपास ३,९८० मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले, तर खालच्या आणि वरच्या स्थानकात आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. शिवाय खाली ज्याचा मागमूसही नसतो, तो वारा वर दारातच उभा असतो. डब्यातून बाहेर पाऊल पडलं की हात आपोआप मानेमागच्या हूडकडे जातो आणि नेमकं तेव्हा कळतं, की हूड हेल्मेटवर चढतच नाही. किंवा चढतं, पण चेन गळ्यापाशी अडकते, हनुवटी छातीकडे ओढली जाते आणि डावीकडे बघायचं तर कमरेतून वळावं लागतं.

ही फजिती घरी आरशासमोर दहा मिनिटं खर्चली तर टळते. त्यासाठी जॅकेट, हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे या चारही वस्तू एकदम अंगावर हव्यात. एकेक वस्तू सुटी घालून बघितली, तर सगळंच छान बसल्यासारखं वाटतं.

हूडचं खरं काम

डोकं गरम ठेवायला हूड लागत नाही. ते काम हेल्मेट करतं. त्याच्या आतला फोम, मऊ अस्तर आणि कानांवरच्या गाद्या मिळून डोक्याला पुरेशी ऊब देतात. थंडी शिरते ती हेल्मेटची मागची कड आणि जॅकेटची कॉलर यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीतून. मानगूट उघडं पडतं, हेल्मेटवर पडलेला भुसभुशीत बर्फ घरंगळत थेट कॉलरमध्ये जातो, तिथे वितळतो आणि पाठीवरून खाली उतरतो. ओली पाठ घेऊन खुर्चीच्या लिफ्टवर पाच-सात मिनिटं वाऱ्यात बसलं, की उरलेला दिवस गेलाच म्हणून समजा. ही फट बुजवणं आणि गालांच्या बाजूने येणारा वारा अडवणं, हूडचं काम एवढंच.

वाऱ्याचा हिशेबही पाहून ठेवा. हवेचं तापमान उणे १० अंश आहे, वारा अजिबात नाही, पण तुम्ही ताशी ४० किलोमीटरने उतरत आहात. उघड्या चेहऱ्याला ते उणे २१ अंशांसारखं लागतं. हवा उणे १५ वर गेली, की त्याच वेगाला उणे २७. असं जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. म्हणजे हवा शांत असली, तरी उतारावर तुमचा स्वतःचा वेगच वारा होतो. गालाची हाडं, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या आधी पांढऱ्या पडतात, आणि बधिर झाल्यामुळे ज्याचं त्याला कळत नाही. सोबत्याने एकमेकांचे चेहरे बघत राहायचे असतात ते यासाठी.

आत की वर?

पावसाळ्यात स्कूटर चालवणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घातली तर मान वळवताना कापड ओढलं जातं. वरून घातली तर ती फुग्यासारखी फुगते आणि पहिल्याच झुळकीला मागे पडते. रेनकोटची टोपी उघड्या डोक्याच्या मापाची असते, म्हणून असं होतं. स्कीइंगच्या चांगल्या जॅकेटचं हूड हेल्मेट धरूनच बेतलेलं असतं. ते वरूनच घालायचं.

जाड जॅकेटचं हूड हेल्मेटच्या आत घालण्यात निव्वळ गैरसोयच नाही, धोकाही आहे. स्कीइंगचं हेल्मेट डोक्याला घट्ट बसलेलं असेल तरच काम करतं. ते नीट बसलंय का हे बघायची सोपी रीत अशी: पट्टा न लावता हेल्मेट दोन्ही हातांनी हळूच हलवा, कपाळाची कातडी त्याच्यासोबत हलली पाहिजे. मध्ये कापसाचा किंवा पिसांचा थर आला, की हेल्मेट त्या थरावर तरंगतं, कातडी जागच्या जागी राहते आणि पडल्यावर हेल्मेट सरकून कपाळ नाहीतर मागचं डोकं उघडं पडतं. हनुवटीचा पट्टाही कापडावरून जातो आणि थोड्या वेळाने ढिला होतो. ईएन १०७७ (युरोपचं) किंवा एएसटीएम एफ २०४० (अमेरिकेचं) या सुरक्षा मानकाचा शिक्का हेल्मेटवर असतो, तो डोक्यावर नीट बसलेल्या हेल्मेटची हमी देतो. खाली गोधडी कोंबलेल्या हेल्मेटची नाही.

आत चालते ती पातळ, शिवणी नसलेली कानटोपी किंवा पातळ बॅलाक्लावा, म्हणजे डोकं, मान आणि चेहऱ्याचा खालचा भाग झाकणारी टोपी. जाडी साधारण एका टी-शर्टाएवढी. तीही हेल्मेट विकत वा भाड्याने घेताना डोक्यावर असली पाहिजे, म्हणजे हेल्मेटमागची चकती त्याच मापाला फिरवता येते. आणि आपल्याकडच्या प्रत्येक थंड हवेच्या सहलीचा मानबिंदू, म्हणजे लोकरी माकडटोपी? ती हॉटेलात. जाड विणीने हेल्मेट वर उचललं जातं आणि टाळूवरचा गोंडा तर बरोबर एका बिंदूवर टोचत राहतो.

हूड हेल्मेटजोगं आहे हे कसं ओळखायचं

लेबलवर ‘हेल्मेट कम्पॅटिबल’ छापलेलं असतं, पण त्यावर विसंबू नये. सायकल किंवा गिर्यारोहणाचं हेल्मेट आणि स्कीइंगचं हेल्मेट यांचा घेर वेगळा असतो. स्कीइंगच्या हेल्मेटला कानाच्या गाद्या असतात, मागे गॉगलच्या पट्ट्याची कडी असते आणि पुढे गॉगलची जाड चौकट बाहेर आलेली असते. हूडला हे सगळं पोटात घ्यायचं असतं.

कापडाकडे बघताना तीन जागा तपासा. डोक्यामागे, मध्यभागी, एक नाडी किंवा वेलक्रोची पट्टी असावी. ती हूडची खोली कमी-जास्त करते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नाडी असावी. ती तोंडाचा घेर आवळते. आणि कपाळावर येणारी कड, म्हणजे हूडची चोच, थोडी ताठ असावी. तिच्यात पातळ तार किंवा कडक पट्टी शिवलेली असते. मऊ चोच ओली झाली की गॉगलच्या काचेवर लोंबते. मागची नाडीच नसेल, तर हेल्मेट काढल्यावर तेच हूड नुसत्या डोक्यावर नाकापर्यंत घसरतं. हेल्मेट आणि उघडं डोकं या दोन्हींना चालणारं हूड हवं असेल, तर मागची नाडी हवीच.

ऑनलाइन मागवायचं असेल तर टेपने एक माप घ्या. हेल्मेट आणि गॉगल घालून सरळ उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी मानेच्या मुळाशी, जिथे कॉलर शिवलेली असते तिथे, टेपचं टोक धरायला सांगा. टेप हेल्मेटच्या मधोमध वरून आणत गॉगलच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. आता मान पूर्ण खाली घालून तेच माप पुन्हा घ्या, ते काही सेंटिमीटरनी वाढेल. दुसरं माप खरं. हूडच्या मधल्या शिवणीची लांबी निदान तेवढी हवी, वर दोन-तीन सेंटिमीटर सैल असेल तर उत्तम. हे माप विक्रेत्याने छापलेलं नसतं, पण विचारलं तर बरेचसे मोजून सांगतात. न सांगणाऱ्याकडून परतीची सोय असेल तरच घ्या.

दुकानात किंवा घरी चाचणी घेताना हा क्रम पाळा:

१. आतले कपडे डोंगरात घालणार तेच असावेत: पातळ थर, त्यावर फ्लीस. नुसत्या शर्टावर जॅकेट घातलं तर खांद्यात सैल पडतं आणि हूडला नसलेली जागा मिळते.

२. हेल्मेट, गॉगल घाला, हनुवटीचा पट्टा लावा. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं.

३. जॅकेटची चेन छातीपर्यंतच लावा आणि हूड वर घ्या. आधी चेन पूर्ण वर नेली, तर नीट बसणारं हूडही ओढाताण केल्याशिवाय चढत नाही.

४. आता चेन हनुवटीपर्यंत न्या. अर्ध्यात अडकली, किंवा वर जाते पण हेल्मेट मागे खेचल्यासारखं वाटतं, तर हूड लहान आहे. नाड्या सोडून हे सुधारत नाही.

५. डावीकडे-उजवीकडे खांद्याच्या रेषेपर्यंत मान वळवा. हूड हेल्मेटबरोबर फिरलं पाहिजे. हेल्मेट फिरतं आणि हूड जागीच राहतं, म्हणजे एका डोळ्यासमोर कापडाची भिंत आली.

६. वर आकाशाकडे आणि खाली बुटांच्या टोकाकडे बघा. खाली बघताना चोच गॉगलवर उतरू नये, वर बघताना कॉलर गळ्यात रुतू नये.

७. गुडघे वाकवून स्कीइंगच्या पवित्र्यात उभे राहा आणि पाचवी-सहावी पायरी पुन्हा करा. कमरेतून पुढे झुकलं की पाठीचं कापड ताणलं जातं. उभ्याने पास झालेली बरीच जॅकेटं इथे नापास होतात.

८. शेवटी जाड हातमोजे घालून मागची आणि बाजूच्या नाड्या आवळा, मग सोडा. बोटांना नाडीची कळ सापडत नसेल, तर उणे १५ अंशांत ती सापडण्याची अजिबात आशा नाही.

मोटारसायकलच्या हेल्मेटवर ही चाचणी घेऊ नका. ते खूपच मोठं असतं, त्यावर चांगलं हूडही बसत नाही. जे भाड्याने घेणार आहेत त्यांनी जॅकेट घरून नेऊन गुलमर्गमध्ये हेल्मेट निवडताना हूडही चढवून पाहावं. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या हेल्मेटांच्या बाहेरच्या घेरात चांगलाच फरक असतो. त्यातही पुढे काच जोडलेली, म्हणजे व्हायझरची हेल्मेटं, हूडशी हमखास भांडतात. काच वर उचलायला जागा राहत नाही, आणि उचललीच तर हूड मागे ढकललं जातं. टंगमर्गला आणि गुलमर्गला पर्यटकांना भाड्याने मिळणारे फरच्या कडेचे लांब कोट बर्फात फिरायला ठीक. स्कीइंगला ते नकोत. त्यांची टोपी हेल्मेटवर येत नाही आणि ओला फर गॉगलवर थिजतो.

डोंगरावर चढवण्याची रीत

सकाळी निघतानाच मागची नाडी हेल्मेटच्या मापाला सेट करून ठेवा. दिवसभरात तिला पुन्हा हात लावायची वेळ येता कामा नये. वर पोचल्यावर करायचं ते इतकंच:

पाठीवर सॅक असेल तर आधी खांद्याचे पट्टे थोडे सैल करा. हूड सॅकच्या पट्ट्याखाली दबलेलं असतं आणि लोक ते ओढत बसतात, त्यात खांद्याची शिवण उसवते. मग हूड उलटं करून झटका. पडून असलेलं हूड म्हणजे बर्फाची झोळी. न झटकता चढवलं तर ओंजळभर बर्फ मानेवर. चेन एक वीतभर खाली घ्या, दोन्ही हातांनी हूडच्या कडा धरा आणि मागून पुढे, हेल्मेटच्या माथ्यावरून आणा. एका हाताने ओढलं तर ते तिरकं बसतं आणि दिवसभर एका बाजूला सरकत राहतं. चोच गॉगलच्या चौकटीच्या वरच्या कडेला लागून थांबू द्या, तिच्यावर चढू देऊ नका. मग चेन वर, आणि सर्वांत शेवटी बाजूच्या नाड्या, दोन्ही बाजूंना सारख्या.

क्रम उलटा का चालत नाही, तर बाजूच्या नाड्या आधी आवळल्या की तोंडाचा घेर लहान होतो, हूड मागे खेचलं जातं आणि सगळा ताण चेनवर येतो. खोली आधी, घेर नंतर. आणि घेर आवळायचा तो वारा आत शिरणार नाही इतपतच. गालाला कापड चिकटेपर्यंत आवळलं, की डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणं संपलं.

गॉगलचा पट्टा हेल्मेटवरून, मागच्या कडीत अडकवलेला असावा आणि हूड त्याच्या वर यावं. काही जण हूड चढवून त्यावरून गॉगलचा पट्टा बांधतात. वादळात हूड उडत नाही हे खरं, पण मग गॉगल काढल्याशिवाय हूड काढता येत नाही आणि पट्टा कडीत नसल्याने पडताना गॉगल गडगडत दरीत जातो. हा उपाय शेवटचा.

लांब केस असतील तर उंच अंबाडा किंवा पोनीटेल हेल्मेटलाही चालत नाही, हूडला तर नाहीच. मानेपाशी सैल वेणी घालून ती जॅकेटच्या आत सोडावी. बाहेर राहिलेली वेणी चेनमध्ये अडकते आणि तिच्यावर जमलेला बर्फ वितळून पाणी आत झिरपतं. हेल्मेटच्या माथ्यावर कॅमेरा अडकवायचा खटका चिकटवला असेल तर हूड विसरा. ते त्यावर अडतं आणि कापडही फाटतं. खटका बाजूला किंवा छातीवर घ्या.

काच धुकट होते ती का

हूडबद्दलची सर्वांत मोठी तक्रार ही, आणि ती खरी आहे. गॉगलच्या चौकटीला वरून आणि खालून हवेची भोकं असतात. चेहऱ्याची गरम, दमट हवा वर चढते, गॉगलच्या वरच्या भोकांतून हेल्मेटच्या पुढच्या कडेखालच्या खाचेत शिरते, हेल्मेटच्या आतून मागे जाते आणि मागच्या झरोक्यांतून बाहेर पडते. हेल्मेट आणि गॉगल यांच्यात फट नसावी असं सांगतात, ते कपाळ थंड पडू नये म्हणून आणि ही वाट जुळावी म्हणूनही. आता या सगळ्यावर हूड ओढलं की मागचे झरोके बंद. हवा वर जाऊन अडते, परत फिरते आणि थंड काचेवर बसते. त्यातच चेन नाकापर्यंत लावून श्वास कॉलरच्या आत सोडला, तर तो सरळ वर गॉगलमध्ये जातो.

म्हणून हूड वर असताना चार गोष्टी सांभाळा. चोच गॉगलच्या वरच्या भोकांवर येऊ देऊ नका, त्या अर्ध्या सेंटिमीटरने फार फरक पडतो. कॉलर किंवा बफ (मानेत घालायची कापडी नळी) नाकावर असेल तर तो गॉगलच्या खालच्या कडेच्या आत खोचू नका. खालीच ठेवा, श्वासाला पुढून जायला वाट राहू द्या. हेल्मेटला झरोके उघडझाप करायची कळ असेल तर वाऱ्यात पुढचे मिटा, पण सगळे मिटू नका. आणि चढावर पायी चालायचं असेल, अफरवटच्या स्थानकावरून स्की खांद्यावर टाकून धारेकडे जायचं असेल, तेव्हा हूड उतरवाच. दहा मिनिटांच्या चालीत इतका घाम येतो की नंतर कुठलीच युक्ती चालत नाही.

गंडोलाचा डबा ही धुकं धरण्याची आणखी एक जागा. सहा माणसं, बंद काचा, ओले कपडे. डब्यात बसल्यावर हूड खाली, चेन अर्धी उघडी, पण गॉगल चेहऱ्यावरच, हेल्मेटवर चढवलेला नको. घामट हेल्मेटवर ठेवलेला गॉगल त्याची वाफ शोषतो आणि वर उतरल्यावर तीच वाफ काचेच्या आतून गोठते. काच आतून ओली झालीच तर बोटाने किंवा हातमोज्याने पुसू नये. आतला धुकंरोधक लेप खरवडला जातो. गॉगलच्या पिशवीच्या मऊ कापडाने टिपून घ्या, नुसतं टिपून.

दिसणं आणि ऐकणं

हूडमुळे दोन इंद्रियं अर्धी होतात, हे गृहीत धरूनच ते घालायचं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावरच्या वर्तनाचे दहा नियम आहेत. पाचवा सांगतो की उतारावर शिरताना, थांबून पुन्हा निघताना किंवा वरच्या बाजूला सरकताना वर आणि खाली दोन्हीकडे बघूनच निघायचं. हूड असताना नुसता डोळ्याचा कोपरा फिरवून भागत नाही, पूर्ण मान वळवा, लागलं तर खांदेही. एकाच जागी दोनदा बघा. मागून येणाऱ्याच्या स्कीची खरखर हूडच्या कापडाच्या सळसळीत बुडून जाते. ‘लेफ्ट!’ (डावीकडून येतोय) अशी हाक तुमच्यापर्यंत पोचली नाही, हे त्या माणसाला माहीत नसतं.

यावरून ठरवा. हूड वर: लिफ्टवर वाऱ्यात, जोरात बर्फ पडत असताना, वादळात, खोल भुसभुशीत बर्फात, बसून विश्रांती घेताना. हूड खाली: स्वच्छ हवेत, गर्दीच्या उतारावर, जिथे दोन वाटा मिळतात तिथे, गुलमर्गच्या खालच्या पठारावर जिथे स्लेज ओढणारे आणि नवशिके एकाच जागेत वावरतात तिथे तर नक्कीच. शिकाऊ माणसाने पहिले दोन-तीन दिवस हूड वापरूच नये. पवित्रा चुकला म्हणून मान खाली जाते की हूडमुळे, हे प्रशिक्षकालाही ओळखता येत नाही.

वेगाची गोष्ट वेगळी. खाली सोडलेलं हूड ताशी ४०-५० किलोमीटरला हवेने फुगतं, गळा मागे खेचतं आणि पाठीवर फडफडतं. त्यासाठी काही जॅकेटांना कॉलरमागे पट्टी किंवा हूक असतो. हूड गुंडाळून त्यात अडकवायचं. नसेल तर हूड आतल्या बाजूला दुमडून सॅकच्या वरच्या पट्ट्याखाली दाबा. टिचबटणांनी किंवा चेनने सुटणारं हूड असेल आणि दिवस निरभ्र असेल, तर ते हॉटेलात ठेवून निघा, पण आकाशाचा भरवसा असेल तरच.

लिफ्टवरची सावधगिरी

कोंगडूरीहून वर जाणारी असो की उत्तराखंडातल्या औलीची, खुर्चीच्या लिफ्टवर लोंबती नाडी धोक्याची. आवळलेल्या नाडीचा फासा हूडबाहेर वीतभर लोंबतो, खुर्चीच्या पाठीच्या फटीत किंवा दांड्यात अडकतो, उतरायच्या क्षणी माणूस पुढे जातो आणि हूड मागे राहतं. नाडी आवळली की तिचं उरलेलं टोक जॅकेटच्या आत सोडा. काही जॅकेटांत ते सुटं न राहता आतल्या बोगद्यात जातं, घेताना ही रचना पसंत करा. खेचणाऱ्या लिफ्टवर, जिथे दांडा मांड्यांमध्ये धरून बर्फावरूनच वर जायचं असतं, तिथे मफलर, लोंबत्या नाड्या, सॅकचे सुटे पट्टे काहीच नको.

खुर्चीवर बसल्यावर हूड चढवायचं असेल तर सुरक्षा दांडा खाली आल्यावर, आणि स्कीच्या काठ्या मांडीखाली दाबून. उतरायच्या आधी, निदान शेवटच्या खांबापाशी, चेन थोडी खाली घेऊन मान मोकळी करा. उतरताना डावी-उजवीकडे कोण वळतंय हे दिसायलाच हवं.

मुलांच्या बाबतीत

लहान मुलांच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन १४६८२ हे मानक आहे. त्यानुसार सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हूडला आणि गळ्याला नाड्याच नसाव्या लागतात. भारतात विकत घेताना हे स्वतः बघावं. नाडी असेल तर काढून टाका आणि तिच्या जागी मागे इलॅस्टिकची एक पट्टी शिवून घ्या, कोपऱ्यावरचा शिंपीही देईल करून. मुलांसाठी टिचबटणांनी सुटणारं हूड सर्वांत चांगलं, अडकलं तर मूल लोंबकळण्याऐवजी हूडच निघून येतं.

आपल्याकडे मुलांना कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेतात. शाळेच्या गणवेशाला ते ठीक. हूडला चालत नाही: दोन मापं मोठं हूड हेल्मेटवरूनही घसरून गॉगल झाकतं आणि मूल आंधळं होऊन उतरत राहतं. त्याला वाटतं धुकं आलं. बाळाच्या कुंचीसारखं ते सगळीकडून झाकणारं दिसतं म्हणून आईबाबांना बरं वाटतं, एवढंच. मुलांना हूडपेक्षा पातळ बॅलाक्लावा आणि उंच कॉलर पुरेशी असते, आणि चेहरा वरचेवर बघत राहावं.

हूड बसतच नसेल तर

नवं जॅकेट घ्यायची गरज नसते. फट बुजवायची आहे एवढं लक्षात ठेवलं की उपाय स्वस्तात होतो. बफ दुहेरी करून मानेत घाला, त्याची मागची बाजू हेल्मेटच्या कडेखाली दोन बोटं खोचा आणि खालची कड जॅकेटच्या कॉलरच्या आत सोडा. कडेवर पडलेला बर्फ बाहेरच घसरतो. फार वारा असेल तर हूड असलेला पातळ विंडचिटर, एक-दोन मापं मोठा, सॅकमध्ये ठेवा आणि जॅकेटवरून घाला. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला वापरतात तो चालेल, फक्त त्याचं हूड आधी हेल्मेटवर घालून बघा. लहान हूड कात्री लावून वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. शिवणींवर आतून जलरोधक पट्टी चिकटवलेली असते. ती एकदा कापली, की पाणी तिथूनच येतं.

वाळवणं

दिवसअखेर हूड पूर्ण उघडून, नाड्या सैल सोडून टांगा. आवळलेल्या नाडीच्या बोगद्यात पाणी राहतं आणि सकाळी ती कळीसकट गोठलेली मिळते. चोच मुडपून बॅगेत कोंबली तर तारेला कायमचा बाक येतो. हेल्मेटवर चढवूनच जॅकेट गुंडाळा, चोचीला आकार राहतो. काश्मीरमध्ये खोलीत बुखारी, म्हणजे पत्र्याची शेगडी, पेटलेली असते आणि सगळं ओलं सामान तिच्याभोवती मांडायचा मोह होतो. जॅकेट दोन हात लांब ठेवलं तर चालेल. हेल्मेट मात्र तिच्या जवळपासही नको. उष्णतेने आतला फोम आकसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हेल्मेटचं अस्तर सुटं करून वाळवा, हेल्मेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला पालथं घाला.

हूडच्या बाहेरून पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळत नसतील आणि कापड गडद, ओलं दिसत असेल, तर जलरोधक लेप झिजला आहे. ओलं हूड जड होतं, हेल्मेटवर चिकटतं आणि गोठलं की पत्र्यासारखं ताठ होतं, मान वळवली तरी वळत नाही. घरी आल्यावर कपड्यांचा मऊपणा वाढवणारं द्रव्य न घालता सौम्य साबणाने धुवा, लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर सुकवा. बऱ्याचदा तेवढ्याने लेप पुन्हा जागा होतो. नाही झाला तर फवाऱ्याचा लेप मिळतो. तो मारताना माथा, खांदे आणि चोच यांना दोन हात द्या, बाकीच्या जॅकेटला एक पुरतो.